मेलेल्याला नोटीस, जित्याला हेलपाटे



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखातली पोरे पाळीवर राबतात. आम्ही पालघरला गेलो तेव्हा बोईसरच्या एका खोलीत त्यांतल्या एकाने आमच्या हातात लिफाफा ठेवला. बँकेची थकबाकीची नोटीस, वडिलांच्या नावाची. वडील वारून तीन वर्षे झाली. पोरगा मृत्यूचा दाखला घेऊन गावाकडच्या शाखेत गेला होता. साहेबांनी दाखला ठेवून घेतला, पोराचा पत्ता उतरवून घेतला. तेव्हापासून बापाचे टपाल गावाऐवजी बोईसरला येते. पत्ता बदलला, माणूस मेला, हे मात्र कुणी लिहिले नाही!

ही कारकुनाची चूक आहे असे आम्ही मानत नाही. वसुलीला मेलेला शेतकरी यांना जिवंत लागतो, देणे निघाले की तोच मेलेला सापडतो. भरपाई मागायला वारस गेला की म्हणतात, आधी फेरफार आण. पालघर, डहाणू, तलासरीत बुलेट ट्रेनसाठी जमिनी घेतल्या. संपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. तिथे नाव आजोबांचे असेल तर नोटीस आजोबांना, आणि मोबदला वारस ठरेपर्यंत अडकलेला.

नावे बदलणे सरकारला जमत नाही असेही नाही. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. 2024 मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. मेलेल्या शेतकऱ्याचेच नाव तेवढे जड! 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, यातच सगळी कबुली आली. मृत्यू 21 दिवसांत कळवा, असे 1969 चा कायदा सांगतो. वारसाहक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा, असे 1966 चा महसूल कायदा सांगतो. म्हणजे एकाच मरणाची वर्दी आम्ही दोन दारांत द्यायची. ग्रामपंचायतीची नोंद तलाठ्याकडे आपोआप का जात नाही? पोस्टाने 'मयत' म्हणून परत केलेली नोटीस वारस नोंदीचा अर्ज का धरली जात नाही? आमची मागणी एवढीच आहे.

तोवर मयताच्या नावाच्या टपालावर सही करू नका. पोस्टमनकडून लिफाफ्यावर 'मयत' असा शेरा मारून घ्या आणि परत पाठवा. त्याने कर्ज बुडत नाही, हेही ध्यानात ठेवा. पाठवणाऱ्याला दाखल्याची झेरॉक्स जोडून पत्र द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुणी ऐकलेले नसते. आणि साहेब गोड बोलून 'नवे-जुने' करायचा कागद पुढे सरकवतील, तिथे हात आवरा. बापाच्या कर्जाला वारस बांधील असतो तो बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरता. स्वतः सही केली किंवा जामीन राहिलात, तर मग बोजा तुमचा.

अशा नोटिसा घरात पडल्या असतील तर चुलीत घालू नका. जिल्हा बैठकीला येताना लिफाफ्यासकट घेऊन या. सगळ्यांचा एक गठ्ठा बांधून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचा आहे.