नव्या एसयूव्हीतला दोष
सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स यांतले बिघाड नव्या एसयूव्हीत वेगवेगळे ओळखावे लागतात. गतिरोधकावर खडखड झाली तर लिंक रॉड किंवा बुश पाहावे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा, मग अलाइनमेंट. गिअर बदलताना झटका बसला तर क्लच आणि ऑइल. कधी बिघाडाचे कारण पाणीही असते; उदाहरणार्थ, सुरतेच्या पर्वत पाटिया भागात पावसाळ्यात खाडीचे पाणी रस्त्यावर चढते. अशा पाण्यातून गाडी नेल्यास ते चाकाच्या बेअरिंगमध्ये, कधी गिअरबॉक्समध्येही शिरू शकते, आणि वॉरंटीचा वाद तिथेच सुरू होतो. म्हणून प्रत्येक तक्रार जॉबकार्डावर स्पष्ट शब्दांत नोंदवून घेणे फार महत्त्वाचे. दुरुस्तीनंतरही दोष राहिला, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; गरज पडल्यास आयोग प्रयोगशाळेकडून तपासणीही करवून घेतो.