मागच्याचं मागचा बघेल

आमच्या गल्लीतल्या ज्युनिअर कॉलेजात या आठवड्यात रस्ता सुरक्षेवर व्याख्यान झालं. पोरांनी हात पुढे करून शपथ घेतली, फोटो निघाले. सुटल्यावर तीच पोरं आमच्या सोसायटीच्या फाटकाशी लावलेल्या गाड्यांवरून ट्रिपल सीट पसार झाली. कॉलेजच्या आवारात लायसन्सशिवाय गाडी लावू देत नाहीत, म्हणून आमचं फाटक.

कायदा चोख आहे. सोळा पूर्ण झाली की लायसन्स मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. पुढच्या गाड्यांना अठरा. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. घोळ एवढाच, की ५० सीसीची लुना कधीच गेली. शोरूममधल्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर ११०-१२५च्या.

मग पोरांना या गाड्या शिकवतो कोण? बाप. रविवारी सकाळी, मैदानावर. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी अकरावीतल्या लेकीला शिकवत होते. "रेस कमी कर, रेस! पाय सोड खाली!" तोल सावरला की शिक्षण संपलं. चौकात आधी कोणी जायचं, हे अभ्यासक्रमात नाही.

पण त्याआधी त्यांनी एक काम केलं. दोन्ही आरसे आत वळवले. "गर्दीत धक्का लागून फुटतात."

"मग मागचं कसं दिसणार?"

"मागच्याचं मागचा बघेल!"

तेव्हापासून मी गाड्यांचे आरसेच बघत सुटलोय. फाटकाशी लावलेल्या एका गाडीला आरसेच नव्हते, भोकांत रबरी बुचं. दुसरीचा आरसा थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, भांग पाडायला. तिसरीच्या आरशावर हेल्मेट लटकवलेलं. सुरक्षेच्या दोन्ही वस्तू एका दमात निकालात. आणि बापलोकांच्या गाड्या याहून वेगळ्या असतील असं समजू नका. पोरं दहा वर्षं त्यांच्याच मागे बसून शाळेत गेलीत. शिकायचं ते तिथेच शिकलीत.

शेजाऱ्यांची लेक मात्र अडून बसली. म्हणाली, अठरा पूर्ण झाली की लायसन्स काढून, आरसे बाहेर काढूनच चालवीन. त्यामुळे क्लासला सोडायचं काम बाबांच्याच गळ्यात. परवा दोघं फाटकातून निघाली. आरसे आत वळवलेलेच. मागे बसलेली लेक ओरडत होती, "बाबा, उजवीकडून टेम्पो येतोय. थांबा. आता जा."