विश्लेषण : कळवणच्या ताटात अमेरिका कशी आली? नागली का मागे पडली?

अमेरिकी खाद्यसंस्कृती म्हटले की बर्गर, पिझ्झा आणि शीतपेयाचा भलामोठा ग्लास डोळ्यासमोर येतो. नाशिक जिल्ह्यातील कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्याचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. पण अमेरिकेत केवळ पदार्थ बदलले नाहीत. अन्न कोणासाठी पिकवायचे, कोणी शिजवायचे आणि कोठे खायचे, हेच बदलले. त्या बदलाची सुरुवात आता गिरणेच्या खोऱ्यातही दिसते आहे.

अमेरिकेचे वेगळेपण कशात?

अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार, २०२३ मध्ये तेथे खाण्यावर झालेल्या एकूण खर्चापैकी ५८ टक्क्यांहून अधिक खर्च घराबाहेरच्या खाण्यावर झाला. घरात जे खाल्ले जाते, त्यातही पाकीटबंद पदार्थांचा वाटा मोठा. लोकांच्या पोटात जाणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी ५५ टक्के अतिप्रक्रियायुक्त पदार्थांतून येतात; मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ६२ टक्के आहे.

याची दुसरी बाजूही आहे. हाती येणाऱ्या उत्पन्नातील अवघा ११ टक्क्यांच्या आसपास हिस्सा अमेरिकी माणूस खाण्यावर खर्च करतो. अन्न इतके स्वस्त करणे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तेथील ४० टक्क्यांहून अधिक प्रौढ आज लठ्ठ आहेत.

मक्याचे उदाहरण बोलके आहे. जगात सर्वाधिक मका अमेरिकेत पिकतो, पण मका म्हणून तो फार थोडा खाल्ला जातो. बहुतेक मका जनावरे व कोंबड्यांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जातो. काही भाग गोड पाक होऊन शीतपेयांत उतरतो.

श्रीमंती आली की असे होतेच का?

तसे असते तर जपान आणि फ्रान्सचेही तेच झाले असते. जपानमध्ये लठ्ठ प्रौढांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. तेथे २००५ मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. शाळेत ताजे शिजवलेले जेवण मिळते, मुलेच ते एकमेकांना वाढतात. जेवणाची सुट्टी हाही तेथे शिक्षणाचा भाग मानला जातो.

फ्रान्समध्ये माणूस दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ खाण्यापिण्यात घालवतो. अमेरिकेत जेमतेम तासभर. फ्रान्सने शाळांमधील खाद्यपदार्थांच्या विक्रीयंत्रांवर २००५ मध्येच बंदी घातली.

मक्याचे मूळ घर असलेला मेक्सिको तर अमेरिकेचा शेजारी. बाजार तोच आणि लठ्ठपणाची समस्याही तितकीच गंभीर. त्या देशाने २०१४ मध्ये गोड पेयांवर कर लावला, २०२० पासून जास्त साखर, मीठ व चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले. भारतात पाकिटाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्याचा विषय वर्षानुवर्षे चर्चेत अडकला आहे.

थोडक्यात, ताट केवळ बाजार ठरवत नाही. शाळा, कायदा आणि सरकारी खरेदीही ते ठरवते.

कळवणमध्ये काय बदलले?

तालुक्याच्या डोंगराळ भागात नागली, वरई, उडीद, कुळीथ ही घरच्या खाण्याची पिके. नागलीची भाकरी, आंबील आणि पावसाळ्यात करटुली, टाकळा, बांबूचे कोंब अशा रानभाज्या हे तेथील रोजचे जेवण होते. सपाटीला मात्र कांदा आणि मका यांचे राज्य आहे.

हे दोन्ही शेतमाल विकण्यासाठीच पिकतात. मका निघाला की यंत्रावर दाणे मोकळे होतात आणि माल व्यापाऱ्याकडे जातो. पुढे त्याचे कोंबडीखाद्य, स्टार्च किंवा इथेनॉल होते. पिकवणाऱ्याच्या ताटात तो क्वचितच येतो. अमेरिकी मका उत्पादकाचे आणि कळवणच्या शेतकऱ्याचे येथे बरेच साम्य आहे.

नागलीला मात्र रोपे टाकणे, लावणी, निंदणी, मळणी अशी सगळी मेहनत हाताने करावी लागते. उत्पादन कमी, ग्राहक अनिश्चित. त्यातच रेशनवर प्रामुख्याने तांदूळ आणि गहू मिळतो. मग घरापुरतीही नागली का लावायची, हा शेतकऱ्याचा प्रश्न चुकीचा नाही.

नागलीच्या जागी नुसता भात आला, तर फरक मोठा पडतो. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात जेमतेम दहा.

पाकीटबंद पदार्थांचे काय?

केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीनुसार, देशाच्या ग्रामीण भागात पेये व प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर घरखर्चाच्या सुमारे ९.८ टक्के रक्कम जाते. तृणधान्यांवर ती पाच टक्क्यांच्या आसपास आहे. १९९९-२००० मध्ये तृणधान्यांचा वाटा २२ टक्के होता. स्वस्त रेशन आणि वाढलेले उत्पन्न ही या घटीची चांगली कारणे आहेत. पण वाचलेला पैसा दूध, डाळ, फळांबरोबरच पाच-दहा रुपयांच्या पाकिटांतही गेला, हेही खरे.

यासाठी आईला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. या पट्ट्यातील अनेक कुटुंबे द्राक्षांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे जातात. पहाटे कामावर निघणाऱ्या बाईला बिस्किटाचा पुडा सोयीचा वाटणारच. अमेरिकेतही पाकीटबंद जेवण रुजले, त्यात घरातील दोघांच्या नोकरीचा आणि वेळेच्या टंचाईचा वाटा होता.

जुने ते सगळे चांगले होते का?

नाही. जुन्या ताटात नागली होती, तसे पावसाळ्यातले अर्धपोटी दिवसही होते. जात्यावर दळण्याचे कष्ट बायकांच्याच वाट्याला होते. रेशनच्या धान्याने भुकेची धार कमी केली. त्यामुळे ‘पूर्वीसारखे खा’ हा उपदेश कामाचा नाही. कष्ट कमी करून नागली टिकवता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

उपाय काय?

उत्तरासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. ओडिशाने २०१७ मध्ये आदिवासी भागांत भरडधान्य अभियान सुरू केले. सरकारने शेतकऱ्यांकडून नागली हमीभावाने घेतली, रेशनवर दिली आणि अंगणवाडीत तिचे लाडू पोहोचवले. पीक, खरेदी आणि ताट एका साखळीत आले.

महाराष्ट्राकडे या साखळीचे सगळे दुवे आहेत. २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, मक्याचा २,४००. दुप्पट भाव कागदावर असूनही शेतकरी मक्याकडे वळतो, कारण मक्याला गिऱ्हाईक दारात आहे. आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. कळवणला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे. त्याच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत मुले राहतात, तिन्ही त्रिकाळ तेथेच जेवतात. अन्नसुरक्षा कायद्यातही भरडधान्याची तरतूद आहे.

आश्रमशाळेत आठवड्यातून तीन दिवस नागलीची भाकरी, ती पिकवणाऱ्या पाड्यांतून हंगामाआधी जाहीर केलेली खरेदी आणि मळणी-दळणाची छोटी यंत्रे बचत गटांकडे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे करताना फलक भरपूर लागले. खरेदीची हमी मात्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत यायची आहे.

घराबाहेर गेलेले अन्न परत आणणे अमेरिकेला आज फार महाग पडते आहे. कळवणच्या डोंगराळ पाड्यांत नागलीचे बियाणे अजून घरात आहे आणि भाकरी थापणारे हातही. ते पुढच्या पिढीपर्यंत टिकतील का, हे येत्या काही हंगामांतील खरेदीवर ठरेल.