आधी निकाल, मग आयुष्य?

‘दोन वर्षं कळ काढ, मग जन्मभर आराम कर.’ लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत हे वाक्य दर जूनमध्ये ऐकू येतं. गादी, बादली आणि पुस्तकांचं खोकं खोलीवर ठेवून गावी परतणारा बाप लेकराला हेच सांगून एसटी गाठतो. त्याची माया खरी आहे, घरची ओढाताणही खरी आहे. पण या वाक्यातून एक समज पोराच्या मनात घट्ट बसतो: फिरणं, गाणं, अवांतर वाचन, हातानं काही करणं, माणसांत बसणं ही चैन आहे आणि ती वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या निकालानंतर करायची. हा समज घातक आहे, म्हणून त्याचं खंडन केलं पाहिजे.

लातूर पॅटर्नशी माझं भांडण नाही. नेमानं सराव, पुन्हा पुन्हा चाचण्या आणि चुका दुरुस्त करून घेणारे शिक्षक, या बळावर खेड्यातली मुलं वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला पोचली, हे ऋण मान्य करूनच बोललं पाहिजे. माझा विरोध त्या मेहनतीला चिकटलेल्या आनंदबंदीला आहे.

पहिला आक्षेप असा, की या सवयी भरल्या पोटाचे चोचले आहेत. मराठवाड्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. नामदेवांचं नरसी आणि एकनाथांचं पैठण याच मुलखातलं. इथं दिवेलागणीला मारुतीच्या देवळात हरिपाठाला बसणारी माणसं दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेली असत. पोट भरल्यावर टाळ हाती घेऊ असं ती म्हणाली असती, तर कैक पिढ्या टाळ खुंटीलाच राहिले असते. अलीकडच्या दुष्काळातही हेच दिसतं. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. अशा उन्हाळ्यात तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी जपून तुळशीला घालणाऱ्या बाईला कोण चोचले करतेस म्हणेल? टंचाईतही एखादं रोप जगवावंसं वाटणं हीच माणसाची श्रीमंती आहे.

दुसरा आक्षेप, अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन म्हणजे वेळेचा नाश. नांदेडकरांनी तरी हे म्हणू नये, कारण त्यांच्या गावात नरहर कुरुंदकर होऊन गेले. हैदराबादेत शिकताना ते इंटरला नापास होत राहिले, पण वाचन सुटलं नाही. नापास होणं हा आदर्श नव्हेच. मुद्दा त्या वाचनाचा आहे. प्रतिभा निकेतन शाळेतले शिक्षक, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य असलेल्या या माणसानं नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि समीक्षेपासून राजकारणापर्यंत लिहिलं, आणि मित्रांशी, विद्यार्थ्यांशी तासन् तास गप्पा मारल्या. 10 फेब्रुवारी 1982 रोजी, पन्नाशी गाठण्याआधी, व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. ‘आधी स्थिरस्थावर होऊ, मग वाचू’ असा हिशेब त्यांनी केला असता, तर महाराष्ट्र त्यांना मुकला असता आणि ते स्वतःच्या आयुष्याला मुकले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत साळसूद: निकालानंतर करता येईलच की! लंडनमधल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मग दोन वर्षांत ‘आत्ता नको, नंतर’ ही सवय किती खोल रुजत असेल? निकालानंतर पदवीचा अभ्यास येतो, मग पदव्युत्तर प्रवेश, मग नोकरी, मग घराचे हप्ते. शिवाय 2024 साली ‘नीट’ला 23 लाखांहून अधिक मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. ज्यांना जागा मिळणार नाही, त्यांनी आनंदाची वाट कुठवर पाहायची?

काही जण मधला मार्ग काढतात: फिरा, म्हणजे स्मरणशक्ती वाढेल, झोपा, म्हणजे गुण वाढतील. झोपेत स्मरण पक्कं होतं हे खरंच आहे. पण प्रत्येक सुखाला गुणांच्या हमालीला जुंपलं, की त्यातलं सुख निघून जातं.

आता मंडन. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये एकदा भांडी घासायला उभं राहून पाहावं. खरकटं काढायचं, थाळी हौदात बुडवायची, घासायची आणि शेजारच्याकडे सरकवायची. तो शेजारी डॉक्टर आहे की हमाल, हे कुणी विचारत नाही. ज्या मुलाला दर रविवारी चाचणीच्या यादीतला क्रमांक सांगितला जातो, त्याला क्रमांक नसलेली ही जागा मिळाली पाहिजे.

लातूरकडची येळवस आठवा. मार्गशीर्ष अमावस्येला शहर ओस पडतं आणि शिवारं भरतात. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, ओल्या तुरी-हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बांधावरून हाक मारून पंगतीत बसवतात. त्या दिवशी पोराला ‘चाचणी आहे’ म्हणून अभ्यासिकेत ठेवणारे आईबाप त्याचा नुसता एक दिवस घेत नाहीत, बोलावून जेवू घालण्याचा संस्कारच हिरावून घेतात.

येळवस वर्षातून एकदा येते, पण तिच्यातलं रोज करण्याजोगं पुष्कळ आहे. डब्यातला घास खोलीतल्या सोबत्याबरोबर वाटून खावा. झोपण्याआधी दहा पानं अशी वाचावीत, जी कुठल्याच परीक्षेला नाहीत. संध्याकाळी अर्धा तास मोबाइल खोलीवर ठेवून पायी फिरावं. घरच्या फोनवर गुणांआधी म्हशीची, आजीची, पावसाची चौकशी व्हावी. हार्वर्डमध्ये 1938 पासून चाललेला माणसांच्या आयुष्यांचा अभ्यास हेच सांगतो, की जिव्हाळ्याची नाती माणसाला सुखी आणि निरोगी ठेवतात. अशी नाती रोजच्या बोलण्यातूनच टिकतात.

म्हणून शिकवणीचालकांना मागणं आहे: येळवशीला सुट्टी द्या, संध्याकाळचा अर्धा तास मोकळा सोडा. आईबापांना मागणं आहे: लेकराला ‘कळ काढ’ म्हणाल त्याच तोंडानं ‘आज काय वाचलंस, कुणाबरोबर जेवलास’ हेही विचारा. निकाल काहीही लागो, या सवयी त्याच्याजवळ राहतील, आणि पुढची पन्नास वर्षं तो त्यांच्याच बळावर जगणार आहे.