बंदूकवाल्यांची संघटना आणि टपालाची पिशवी

अमेरिकेत कुठे शाळेत, कुठे बाजारात बेछूट गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे रनिंग रूममध्ये किंवा सॉर्टिंगच्या टेबलापाशी लगेच निकाल लागतो : "तो देशच वेडा आहे!" मग कोणी जाणकार सांगतो, "बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांनी तिथले पुढारी विकत घेतले आहेत, दुसरे काय?" आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले तर उत्तरच नव्हे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण अर्धेच. आणि जो अर्धा भाग सुटतो, तोच संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने समजून घेण्यासारखा आहे.

हा परदेशचा विषय आमच्या पानांत कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांच्यासाठी दोन तारखा देतो. २० ऑगस्ट १९८६ रोजी सकाळी सातच्या सुमारास ओक्लाहोमा राज्यातील एडमंड येथील टपाल कचेरीत एक पोस्टमन आपल्या टपालाच्या पिशवीत पिस्तुले घालून कामावर आला आणि त्याने १४ सहकाऱ्यांना ठार करून स्वतःलाही संपवले. २६ मे २०२१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराच्या लाइट रेल्वेच्या देखभाल यार्डात सकाळच्या पाळीच्या वेळी तेथल्याच एका कर्मचाऱ्याने नऊ कामगारांना गोळ्या घातल्या. त्याच्याजवळ तीन पिस्तुले आणि जादा गोळ्या मावणारी ३२ मॅगझिने सापडली. एडमंडमध्ये मेले ते टपालवाले, सॅन होजेत मेले ते रेल्वेवाले. आपल्यासारखेच ड्युटीवर हजेरी लावायला आलेले.

एडमंड आणि त्यानंतरच्या तशा घटनांवरून अमेरिकन इंग्रजीत 'गोइंग पोस्टल' असा वाक्प्रचारच रूढ झाला. अर्थ काय, तर डोके फिरून माणसे मारत सुटणे! टपाल खात्याने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २००० साली सांगितले की टपाल कर्मचारी इतर कामगारांपेक्षा अधिक हिंसक असतात हा समज निव्वळ खोटा आहे. पण अहवाल कपाटात राहिला आणि शिवी भाषेत राहिली. एडमंडनंतर कामगाराच्या डोक्याची जितकी चर्चा झाली, तितकी त्याच्या हातातल्या वस्तूची झाली नाही, आणि हे आपोआप घडत नसते. त्यामागे कोणाची तरी मेहनत असते.

ही मेहनत करणारी मुख्य संस्था म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. १८७१ साली न्यू यॉर्कमध्ये ती स्थापन झाली ती यादवी युद्धातून परतलेल्या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. सैनिकांचा नेम फार कच्चा होता, तो सुधारावा एवढाच हेतू. कित्येक दशके ही नेमबाजांची आणि शिकाऱ्यांची संस्था होती. १९३४ साली संघीय सरकारने बंदूक कायदा आणला, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी काँग्रेसच्या समितीपुढे स्पष्ट सांगितले होते की सरसकट सर्वांनी शस्त्र बाळगून हिंडणे आपल्याला मान्य नाही, परवाना पाहिजे. आज हे कोणाला खरे वाटणार नाही. मात्र त्याच वेळी संस्थेने सभासदांना पत्रे पाठवून प्रतिनिधींवर पत्रांचा आणि तारांचा मारा करायला लावला आणि मूळ मसुद्यात असलेली पिस्तुले कायद्यातून वगळली गेली. मशीनगनवर कर बसला, पिस्तूल सुटले. या संस्थेची खरी तोफ पाकीट आणि तिकीट हीच आहे, हे तेव्हाच दिसून आले.

टपालाचा या प्रकरणाशी संबंध एवढ्यावर थांबत नाही. खिशात लपवता येईल असे पिस्तूल टपालाने पाठवू नये, असा कायदा तेथे १९२७ सालीच झाला होता. पण तो टपाल खात्यापुरता होता. व्यापाऱ्यांनी पिस्तुले रेल्वे पार्सलने पाठवायला सुरुवात केली, आणि लांब नळीच्या बंदुकांना तर टपालातही आडकाठी नव्हती. १९६३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या एका दुकानातून दुर्बीण लावलेली एक इटालियन रायफल डॅलसच्या एका पोस्ट बॉक्सवर पार्सलने रवाना झाली. जाहिरात छापली होती रायफल असोसिएशनच्याच मासिकात. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंट, पैसे पोस्टाच्या मनीऑर्डरने, नाव खोटे. त्याच गिऱ्हाइकाने रिव्हॉल्व्हर मागवले ते मात्र रेल्वे एक्स्प्रेस कंपनीमार्फत आले. नोव्हेंबरमध्ये त्या रायफलीने अध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला आणि रिव्हॉल्व्हरने एका पोलीस शिपायाचा. मनीऑर्डरचा माग काढण्यात टपाल खात्याच्याच निरीक्षकाचा हात होता. ज्या खात्याने पार्सल पोचवले त्याच खात्याच्या कागदाने खुनी ओळखला गेला! कागद नीट ठेवला तर काय होते, हे आपल्या टपाल बांधवांना वेगळे सांगायला नको.

देशाच्या अध्यक्षाचा खून झाल्यावर तरी टपालाने बंदुका विकणे लगेच बंद व्हावे की नाही? त्याला पाच वर्षे लागली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाल्यावर, ऑक्टोबर १९६८ मध्ये कायदा झाला. प्रत्येक बंदुकीची नोंद आणि प्रत्येक मालकाला परवाना ही अध्यक्ष जॉन्सन यांची मागणी त्यातून गळाली होती. सही करताना जॉन्सन यांनी उघड बोलून दाखवले की हे जनतेने अडवलेले नाही, बंदूकवाल्यांच्या दबावगटाने अडवले आहे.

यापुढची हकीकत कामगार संघटनेत वावरलेल्या माणसाला चांगलीच ओळखीची वाटेल. १९७० च्या दशकाच्या मध्यात असोसिएशनच्या पुढाऱ्यांना राजकारणाचा कंटाळा आला. वॉशिंग्टनमधील मुख्य कचेरी हलवून कोलोरॅडोत न्यावी आणि शिकार, निसर्ग, नेमबाजी यांत लक्ष घालावे, असा त्यांचा बेत होता. मे १९७७ मध्ये सिनसिनाटी येथे वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. असंतुष्ट सभासद नारिंगी टोप्या घालून आणि हातात वॉकीटॉकी घेऊन सभागृहात पसरले. घटना आणि नियमांची पुस्तिका त्यांनी पाठ केली होती. रात्रभर ठरावामागून ठराव मांडत, दुरुस्तीमागून दुरुस्ती मंजूर करून घेत पहाटेपर्यंत त्यांनी जुन्या पुढाऱ्यांना घरी बसवले. सूत्रे हार्लन कार्टर यांच्याकडे गेली आणि तेव्हापासून या संघटनेने बंदुकीवरील कोणत्याही निर्बंधाला 'नाही' म्हणायचे ठरवले. ही सभा पैशाने जिंकलेली नव्हती. कोरम कसा राखायचा आणि मुद्दा कधी उपस्थित करायचा हे जाणणाऱ्या माणसांनी ती जिंकली.

पैसा नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१६ च्या निवडणुकीत या संघटनेने ५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, त्यातला निम्म्याहून अधिक ट्रम्प यांच्यासाठी. बंदूक उत्पादकांच्या देणग्या येतात, जाहिराती येतात. तरी आमचे मत असे, की केवळ पैशाने हे जमले नसते. औषध कंपन्या, बँका, तेल कंपन्या याहून किती तरी जास्त पैसा ओततात आणि अधूनमधून हरतात. बंदूकवाल्यांकडे आहे तो वर्गणी भरणारा सभासद. त्याच्या घरी संघटनेचे नियतकालिक येते. निवडणुकीपूर्वी प्रत्येक उमेदवाराला शाळेतल्यासारखे शेरे दिलेले असतात, 'ए' पासून 'एफ' पर्यंत. आणि तो सभासद त्या एकाच मुद्द्यावर मत देतो. उलट बाजूला जे बहुसंख्य आहेत, त्यांना निर्बंध हवे असतात, पण मत देताना कर, नोकरी, दवाखाना, शाळा अशा दहा गोष्टी मनात असतात. पुढारी मोजतो ती पाहणीतली टक्केवारी नव्हे, आपल्याला पाडू शकणारी माणसे. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये लष्करी धर्तीच्या बंदुकांवर दहा वर्षांची बंदी आली. दोनच महिन्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले आणि सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात पडले. ती भीती पुढच्या दोन पिढ्यांच्या पुढाऱ्यांना पुरली. २००४ साली बंदीची मुदत संपली, तेव्हा कोणी ती वाढवली नाही.

त्यात तिथली सीनेट. पावणेचार कोटींहून अधिक वस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन जागा आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगला दोनच. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या न्यूटाउन गावातील सँडी हूक शाळेत २० मुले आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. बंदूक उत्पादकांच्या व्यापारी संघटनेची मुख्य कचेरी त्या वेळी त्याच न्यूटाउनमध्ये होती! खासगी विक्रीतही गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, या साध्या दुरुस्तीला पाहण्यांमध्ये दहापैकी नऊ अमेरिकनांचा पाठिंबा होता. एप्रिल २०१३ मध्ये तिला सीनेटमध्ये ५४ मते पडली, विरुद्ध ४६. साठ लागत होती. ठराव पडला.

पण कायदा पाडणे हा या दबावगटाचा दिखाऊ भाग. त्याचे खरे कौशल्य बारीक कलमांत आहे, आणि आपल्यातल्या कचेरीत काम करणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे. १९८६ च्या मे महिन्यात, म्हणजे एडमंडच्या हत्याकांडापूर्वी तीनच महिने, झालेल्या कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला बंदी घातली. परिणाम असा, की गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढण्याचे जे केंद्र वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग येथे आहे, तिथे बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या खोक्यांनी येऊन पडतात आणि नाव टाकून शोधता येईल अशी यादी संगणकावर करायला मनाई आहे. कर्मचारी एकेक पान पाहत बसतात. ज्या देशाने जगाला संगणक शिकवला, त्या देशातली ही गोष्ट! १९९६ साली आणखी एक ओळ अर्थसंकल्पात घुसवली : रोगनियंत्रण केंद्राचा पैसा बंदूकनियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये. शब्द निरुपद्रवी दिसतात. पण त्याबरोबर केंद्राच्या तरतुदीतून २६ लाख डॉलर कापले, आणि बंदुकीच्या जखमांवरील संशोधनाचा खर्च नेमका तेवढाच होता. शास्त्रज्ञ काय समजायचे ते समजले. २०१९ च्या अखेरीपर्यंत या संशोधनासाठी पुन्हा वेगळी रक्कम काढली गेली नाही. २००५ साली उत्पादकांना आणि विक्रेत्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. इतर उद्योगांना असे कवच क्वचितच मिळते.

कामगार संघटनांचे काय? तिथली अडचण खरी होती. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया येथील पोलाद आणि खाण कामगार पिढ्यान्‌पिढ्या शिकार करतो. हरणाच्या मोसमाचा पहिला दिवस म्हणजे कारखान्यात अघोषित सुटी. २००० सालच्या निवडणुकीत संघटनांना सभासदांना सांगत फिरावे लागले की गोर तुमची बंदूक घेणार नाहीत, पण बुश तुमची युनियन घेतील. वेस्ट व्हर्जिनिया तरीही गोर यांच्या हातून गेले. बंदूक बनवणारा कामगारही संघटित होता : न्यू यॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टन कारखान्यात खाण कामगारांची युनियन होती. 'निर्बंध आणाल तर यांच्या नोकऱ्या जातील', असे मालक आणि त्यांचे पुढारी नेहमी सांगत. नोकऱ्या गेल्याच, पण निर्बंधांमुळे नव्हे. कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पाचशेहून अधिक कामगारांना एका फटक्यात काढून टाकले आणि करारात ठरलेली नुकसानभरपाई द्यायचे नाकारले. नव्या मालकाने काहींना परत घेतले, पण मार्च २०२४ मध्ये कारखान्याला टाळे लागले आणि काम जॉर्जियात हलले. इलियनमध्ये दोनशे वर्षांचा हा धंदा संपला, तेव्हा कामगाराच्या पोटाचे नाव घेणारे कुठे होते, हे आम्हाला आढळले नाही.

आणि नारिंगी टोप्यांच्या त्या संघटनेचे? प्रमुख कार्यकारी निवडण्याचा जो हक्क सभासदांनी १९७७ च्या त्या रात्री मिळवला होता, तो पुढे पुन्हा संचालक मंडळाकडे गेला. वेन लापिएर १९९१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. खासगी विमाने, सहली, मर्जीतल्या लोकांना कंत्राटे, हे सारे वर्गणीच्या पैशात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या ज्यूरीने त्यांना दोषी धरून सुमारे ४३ लाख डॉलर संघटनेला परत करायला सांगितले. संघटना अशी आतून पोखरली गेल्यावरच, जून २०२२ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी पहिला लक्षणीय संघीय बंदूक कायदा होऊ शकला, यात आम्हाला योगायोग वाटत नाही. सीनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३. दुसऱ्या बाजूलाही तोवर संघटन उभे राहिले होते. ब्लूमबर्ग यांच्यासारख्या अब्जाधीशाचा पैसा त्यात आहे, तो आम्हाला फारसा भरवशाचा वाटत नाही. पण राज्याराज्यांच्या विधानभवनांत दर सुनावणीला येऊन बसणाऱ्या आया आहेत, तो भाग वेगळा. त्याच आठवड्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कची शस्त्र बाळगण्यासंबंधीची शंभर वर्षांहून जुनी परवाना अट रद्द केली. दावा लावणारी होती रायफल असोसिएशनचीच राज्यातली संलग्न संघटना. सभा हरली तरी कोर्ट आहेच.

सॅन होजेच्या यार्डात लाइट रेल्वे तीन महिने बंद होती. ज्या शेडमध्ये साथीदार मेले तिथे परत हजेरी लावायला माणसांची पावले उचलत नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये त्या शहराच्या नगर परिषदेने ठराव केला की प्रत्येक बंदूकमालकाने मोटारीसारखा विमा काढावा आणि वर्षाला थोडे शुल्क भरावे. देशात असे करणारे ते पहिलेच शहर. ठरावाविरुद्ध कोर्टात जायला बंदूकवाल्यांच्या आणखी एका राष्ट्रीय संघटनेने मंजुरीनंतर एक दिवसही दवडला नाही.