पकड शिकवावी लागते

(द्वितीय वर्ष, बी. कॉम.)

कबड्डीच्या संघात नवा मुलगा घ्यायचा झाला की आमच्या जांबोटी भागात एकच प्रश्न विचारतात : "भितोस काय रे?" मुलगा "नाही" म्हणतो आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. झाली त्याची परीक्षा! पाय कसा धरायचा, स्वतःचे डोके कुठे ठेवायचे, धरलेले केव्हा सोडायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगणार तरी कोण? आधीच्यांनाही ते कोणी सांगितलेले नसते.

मीही असाच उभा राहिलो होतो. नववीत होतो तेव्हा. सुगी संपली होती, भात काढलेल्या शेतात रेषा मारून सामना चालला होता. समोरच्या गावचा एक कन्नड मुलगा चढाईला आला. त्याचा पाय जमिनीत घट्ट रोवलेला असताना मी डोळे मिटले, डोके पुढे केले आणि बाजूने त्याच्या गुडघ्यावर अंग झोकून दिले. आमच्या बाजूने आरोळ्या उठल्या. खाली पडलेला तो मुलगा "बिडो, बिडो" असे ओरडत होता. बिडो म्हणजे सोड. मला कन्नड चांगले येते. शब्द कळला नाही असे मी म्हणू शकत नाही. तरीही मी सोडले नाही. कारण धरलेले सोडायचे नाही, एवढी एकच गोष्ट मला शिकवलेली होती. खरे पाहता तो ओरडला त्याच क्षणी त्याचा दम सुटला होता, म्हणजे तो बाद झालाच होता. गुण आमचा झाला होता. त्यानंतर मी जे धरून ठेवले ते कशासाठी?

त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. हाड मोडले नाही म्हणून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मला तर त्या संध्याकाळी शाबासकीही मिळाली. तो मुलगा पुन्हा चढाईला उतरला नाही. अजून बसस्टँडवर भेटला की हसून बोलतो. रागावला असता तर मला बरे वाटले असते.

हे वैयक्तिक गाऱ्हाणे मासिकात का मांडतो आहे, असे वाचकांना वाटेल. कारण असे की आपल्या कॉलेजच्या मैदानावरही मला तेच दृश्य दिसते. सरावाचा जवळजवळ सारा वेळ चढाईवर जातो. हात मारणे, पाय टाकणे, बोनस रेषेवरचा गुण, हे सारे घोटून घेतले जाते. पकड मात्र "सामन्यात येते आपोआप". चढाई ही कला आणि पकड ही हिंमत, अशी काहीतरी समजूत आपल्या मनात बसली आहे.

आता आपल्याच मातीतल्या कुस्तीकडे पाहा. बेळगावात किंवा कोल्हापुरात तालमीत गेलेल्या मुलाला वस्ताद पहिल्याच दिवशी जोड देत नाही. आधी माती उकरायला लावतो, मग बैठका, मग पडायला शिकवतो. एकेरी पट शिकवायचा तर समोरच्याला नुसते उभे करून, सावकाश, दहा वेळा धरायला लावतो : गुडघे वाकव, मान वर, डोके त्याच्या अंगाला चिकटव, मग ओढ. एकेरी पट आणि कबड्डीतली घोट्याची पकड ही सख्खी भावंडे आहेत. एका भावंडाला वस्ताद मिळाला आणि दुसऱ्याला नुसत्या आरोळ्या मिळाल्या, हे मला कधी उमगलेले नाही.

पकडीत शिकण्यासारखे आहे तरी काय, असे एका मित्राने विचारले. पुष्कळ आहे. कोपरारक्षकाने आधी खाली बसायला शिकले पाहिजे. कंबरेतून वाकायचे नाही, गुडघ्यांतून वाकायचे. नजर चढाईपटूच्या डोळ्यांवर ठेवली की फसगत होते, कारण डोळे खोटे बोलतात. कंबर आणि पाय बोलत नाहीत. डोके नेहमी त्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्यासमोर कधीच नाही. नाहीतर त्याचा गुडघा आणि आपले कपाळ यांची गाठ ठरलेली. बोटांत बोटे गुंतवायची नाहीत, हिसका बसला की तीच आधी मोडतात. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरायचे. घोटा धरला की तो छातीशी ओढून उचलायचा. जमिनीत रोवलेल्या पायावर बाजूने वजन टाकणे हीच माझी चूक होती. मांडी धरताना खांदा आधी टेकला पाहिजे, हात नंतर. आणि साखळीतल्या गड्याने आपला जोडीदार सुटतो केव्हा हे ओळखून मगच झेपावायचे. दोघे दोन वेळांना पोचले की चढाईपटू मध्यरेषेवर हसत उभा असतो.

नियमही हेच सांगतात. हातपाय आणि धड यांखेरीज चढाईपटूला मुद्दाम कुठेही धरता येत नाही. केस वा कपडे ओढणे, तोंड दाबून दम तोडणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे, सारे नियमबाह्य आहे. आपल्या गावोगावच्या सामन्यांत यांपैकी किती गोष्टींवर शिट्टी वाजते ते वाचकांनीच आठवावे.

परदेशातले एक उदाहरण देतो. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच! त्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवून पाडायचे असते. खेळाडूंना भक्कम शिरस्त्राणे मिळाली आणि गंमत अशी झाली की संरक्षणासाठी दिलेले डोकेच त्यांनी हत्यार केले. मान खाली घालून डोक्याने धडक मारू लागले. माना मोडल्या, तरुण मुले कायमची लुळी झाली. १९७६ साली तिथल्या शाळा-कॉलेजांच्या खेळात अशा धडकेवर बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत लुळे पडणाऱ्यांची संख्या एकदम खाली आली. अलीकडे तिथले प्रशिक्षक रग्बीसारखे खांद्याने पाडायला शिकवतात, डोके बाजूला ठेवून. खेळ बंद पडला नाही, मवाळही झाला नाही. इतका दांडगा खेळ ते शिकवून खेळतात, आणि आपण मात्र "भितोस काय रे" वर थांबलो आहोत.

"पकड रक्तात असावी लागते" असे म्हणणारे ज्येष्ठ खेळाडू भेटतात. मी त्यांना जाकार्ताची आठवण करून देतो. १९९० पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचे सुवर्णपदक आपलेच होते. २०१८ मध्ये जाकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. खेळ आपल्या मातीतला, मग इराणी रक्तात तो कुठून आला? कुस्ती मात्र त्यांच्याकडे आहे, आणि ती त्यांनी पकडीत उतरवली. पुढे २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने शादलुई या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले, ते मुख्यतः त्याच्या पकडींसाठी. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एवढेच म्हणतो की बाजाराला पकडीची किंमत कळली आहे. पलटणने त्या हंगामाचे विजेतेपदही मिळवले. त्यांचे प्रशिक्षक होते कर्नाटकाचे बी. सी. रमेश. पुण्याच्या संघाला कानडी गुरू चालला. आपल्या सीमाभागात भाषेवरून चालणारी भांडणे आठवली की हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

भाषेचा प्रश्न आपल्या मैदानावरही आहे, पण निराळा. निम्मा संघ घरी कन्नड बोलतो. कन्नडात पायाला 'कालु'. 'काल हिडी' म्हणजे पाय धर. नवखा मराठी मुलगा हे ऐकून काल काय झाले असा विचार करीत उभा राहतो आणि गडी निसटतो! हा विनोद झाला. पण 'सोड' आणि 'बिडो' हे दोन शब्द दोन्हीकडच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी शिकवावेत, आणि ते कानावर पडताच हात सुटावेत असा सराव घ्यावा, ही माझी गंभीर सूचना आहे.

मॅट महाग आहे हे मला ठाऊक आहे. जिमखान्याच्या पैशांत ती बसणार नाही. पण पकड शिकवायला मॅट लागते कुठे? जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस उघडत नाही, मैदानाचा चिखल होतो आणि सराव बंद पडतो. त्याच दिवसांत आडोशाला, चालत्या गतीने चढाई घेऊन पकडी घोटता येतील. जिमखाना विभागाने आठवड्यातले दोनच दिवस त्यासाठी ठेवावेत, आणि पडायला शिकल्याशिवाय कोणालाही कोपऱ्यात उभे करू नये. खाली अंथरायला भाताचे पिंजर पुरते. ते मी जांबोटीहून आणून देतो.