दुखणे चेहऱ्यावर दिसते का?

घरातल्या दादीला विचारा, "गुडघे कसे आहेत?" उत्तर ठरलेले: "अलहम्दुलिल्लाह, बरी आहे." नमाज मात्र खुर्चीवर बसून चाललेली असते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत दिवसभर राबणाऱ्या बायांचेही तेच. कंबर वर्षानुवर्षे दुखते, पण सांगायचे नाही.

हे न बोललेले दुखणे आता संगणक चेहऱ्यावरून मोजू पाहतो आहे. सुरुवात जुनी आहे. १९७८ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. कळ आली की भुवया खाली ओढल्या जातात, डोळे आवळतात, वरचा ओठ उचलतो. खांदेदुखीच्या रुग्णांची हजारो चित्रे दाखवून कृत्रिम बुद्धिमत्तेला हेच शिकवले गेले. ऑस्ट्रेलियातले 'पेनचेक' हे मोबाईल ॲप स्मृतिभ्रंशामुळे बोलू न शकणाऱ्या वृद्धांसाठी आहे. तिथे याचा उपयोग खराच. पण त्यातही आवाज, हालचाल, वागणूक यांच्या नोंदी माणसालाच भराव्या लागतात.

जुनाट दुखण्याचे वेगळे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेले दुखणे अनेकजण चेहऱ्यावर येऊच देत नाहीत. त्या खांदेदुखीच्या रुग्णांचे चित्रणही खांदा हलवताना, म्हणजे कळ येतानाचे होते. मग गप्प बसलेल्या बाईचा चेहरा पाहून यंत्राने 'शून्य' सांगितले, तर डॉक्टरांनी कोणावर विश्वास ठेवायचा? माझ्या मते बाईवर.

आणि नकाबातल्या बाईचे काय? नाक-ओठ झाकलेले असले की यंत्राला अर्ध्याच खुणा मिळतात. चेहरा उघडायला सांगितले तर स्त्री कर्मचारी मागावी, चित्रण कुठे साठवणार तेही विचारावे. वैयक्तिक माहितीबाबतच्या २०२३ च्या कायद्याचा पायाच संमती आहे.

राहिला सब्र. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे नाव आपण सब्रसाठी घेतो, पण आपला त्रास त्यांनीही अल्लाहपुढे मांडला होता. इलाज करा, ही तर प्रेषितांची (स.) शिकवण. तेव्हा दवाखान्यात "लई दुखते" एवढ्यावर थांबू नका. वुजूला खाली बसता येते का, सजद्यातून उठताना आधार लागतो का, रात्री किती वेळा जाग येते, कोणती गोळी किती दिवस घेतली, हे सांगा. दादी बोलत नसेल तर सोबतच्या सुनेने सांगावे. आधी दादीला विचारून.